बसा म्हणाले म्हणून

माणूस कसा आहे हे कळायला त्याचं तोंड बघू नये, त्याची खुर्ची उलटी करून बघावी, असं खुर्चीवाले काका छातीठोकपणे सांगत. चाळीस वर्षं ते वेताच्या खुर्च्या विणत आले होते. कचेऱ्या, शाळा, दवाखाने, जिथे म्हणून माणसं बसून काम करतात किंवा काम न करता नुसती बसतात, तिथल्या फाटक्या बैठका त्यांच्या मांडीवर येऊन गेल्या होत्या.

"पुढची कड तुटली असेल तर माणूस उतावळा," ते विणता विणता सांगत. "त्याचं अर्धं बूड खुर्चीवर आणि अर्धं दारात. मागची बाजू खोल गेली असेल तर झोपाळू. डावीकडचे वेत गेले असतील तर डावीकडच्याशी गप्पा मारणारा. आणि मधोमध सारखा खळगा पडला असेल, तर तो खरा कामसू. असा माणूस हातचा जाऊ देऊ नये."

"आणि आपल्या घरच्या खुर्चीवरून काय कळतं म्हणे?" काकू विचारायच्या.

घरात एकच खुर्ची होती. तिच्या बैठकीला भोक पडून अकरा वर्षं झाली होती. काकूंनी त्या भोकात पाण्याची बादली बसवून टाकली होती. बादली इतकी चपखल बसली होती, की आल्यागेल्याला वाटे, ही खास बादलीसाठीच करून घेतलेली दिसते.

"बघतो गं, वेळ मिळाला की," काका म्हणायचे. त्यालाही अकरा वर्षं झाली होती.

दर वर्षी पंधरा दिवस काका पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कामाला जात. तिथल्या अकरा खुर्च्या एकेक करून व्हरांड्यात येत. शेजारी बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या, हातात टोच्या, खुर्ची पायांत आडवी धरलेली आणि काका जमिनीवर फतकल मारून बसलेले. जुनी बैठक कापायची, कडेच्या भोकांतून ओला वेत ओढत सहा फेऱ्या विणायच्या. वेत वाळला की बैठक अशी ताणून बसते की अंगठ्याने टिचकी मारली तर टण्ण वाजते. काकांचे हात हे काम आपोआप करत, त्यामुळे तोंड रिकामं राही. ऐकायला दारातला शिपाई असे.

त्या वर्षी मोठे साहेब नुकतेच तीन दिवसांच्या शिबिराहून परतले होते. माणसाला आतून नेमकं काय हलवतं, हा शिबिराचा विषय होता. साहेब जाताना पिशवी घेऊन गेले आणि येताना जाडजूड फाईल आणि डोळ्यांत एक निराळीच चमक घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना एकेक कागद वाटला. 'तुम्ही इथे काम का करता? मनापासून लिहा.' दहा जणांनी लिहिलं, जनसेवेसाठी. अकराव्याने काहीच लिहिलं नाही. साहेबांना वाटलं, चला, एक तरी प्रामाणिक निघाला. बोलावून विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, पेनातली शाई संपली होती. मलाही जनसेवाच लिहायचं होतं."

साहेबांची झोप उडाली, कारण वरून हुकूम आला होता. दोन डोंगरांपलीकडच्या पंपघरावर कचेरीतला एक माणूस कायमचा पाठवायचा होता. ज्याचं मन इथे लागत नाही त्यालाच पाठवावं, असं साहेबांनी ठरवलं. पण मन मोजायचं कशाने?

अशा वेळी त्यांच्या कानावर व्हरांड्यातून आवाज आला, "ही बघ, मागची बाजू खोल. हा दुपारी दोन ते तीन घोरतो."

दार उघडलं. "काका, जरा आत येता?"

काका टोच्या हातात घेऊनच आत गेले आणि दाराशी उभे राहिले.

"बसा ना," साहेब म्हणाले.

काकांनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

"तुम्हालाच म्हणतोय. बसा."

चाळीस वर्षांत हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. खुर्ची ही त्यांच्या हातात, मांडीत, पायांत, डोक्यावर, सगळीकडे असायची, फक्त खाली कधी नसायची. ते बेतानेच टेकले. खुर्ची त्यांनीच गेल्या साली विणलेली होती. पुढची कड मांडीला टोचत होती. टोचते असं एकाही गिऱ्हाइकाने आजवर सांगितलं नव्हतं. पण काकांना त्या वेळी टोचणंसुद्धा गोड लागलं. मग शिपाई चहा घेऊन आला. रोज बाहेर तो फुटक्या कानाच्या कपात आणायचा. आज कप नवा होता आणि खाली बशी होती. बशी ठेवताना शिपायाचं तोंड असं झालं होतं, जणू त्याचीच खुर्ची कुणीतरी उलटी केली आहे.

"मी सगळं ऐकलं," साहेब पुढे वाकून म्हणाले. "माणूस तोंडाने खोटं बोलतो, कागदावर तर बोलतोच बोलतो. पण बैठकीने बोलत नाही. बरोबर?"

"बरोब्बर," काका म्हणाले. हे आपल्यालाच इतक्या नीटपणे कधी का सुचलं नाही, असं त्यांना वाटलं.

"मग ऐका. पंपघरावर कुणाला पाठवायचं ते ठरवायचंय, बैठका कापायच्या आधी मला अकराही खुर्च्या वाचून दाखवा. पायावर नंबर आहेत. कोणता नंबर कुणाचा ते मी सांगणार नाही, म्हणजे निवाडा निःपक्षपाती होईल."

आता त्या अकरांतली एक खुर्ची काकांच्या जावयांची असणार, हे काकांच्या डोक्यात आलं नाही असं नाही. त्यांचे जावई याच कचेरीत नळजोडणीचे अर्ज बघत. पण जावई मान मोडून काम करतात असं लेक नेहमी सांगायची. तीन नंबरच्या खुर्चीला मधोमध सुरेख खळगा होता. ही आपलीच, असं काकांनी मनाशी धरलं आणि तिच्याबद्दल जरा हात सैल सोडून बोलले.

"साहेब, हा माणूस म्हणजे कचेरीचा खांब. हा हलला तर छत खाली येईल. याला इथून जन्मात हलवू नका."

"वा," म्हणून साहेबांनी लिहून घेतलं.

प्रत्येक खुर्चीला 'वा' मिळत गेला आणि प्रत्येक 'वा'बरोबर काकांची पाठ आणखी ताठ होत गेली. चार नंबर तिरका बसतो, म्हणजे मनात तिरकस. पाच नंबर पाय वर घेतो, म्हणजे घरी बायकोला घाबरत असणार. याचा त्याच्याशी काय संबंध, ते काकांनाही ठाऊक नव्हतं, पण त्यालासुद्धा 'वा' मिळाला.

"सात नंबर?"

सातची पुढची कड पार गेली होती. दोन वेत तुटून वर आले होते आणि एक पाय किंचित आखूड होता. काकांनी मान हलवली. "या माणसाचं मन इथे नाही. हा सुटायची वाट बघत कडेवर बसलेला असतो. साहेब, हा खुर्चीवर बसतच नाही. खुर्ची याला सहन करते."

हे वाक्य साहेबांनी जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग पट्टी घेऊन त्याखाली रेघ मारली. आपल्या बोलण्याखाली रेघ, तीही पट्टीने! काका त्या दिवशी घरी चालत गेले नाहीत, जमिनीपासून चार बोटं वरून गेले.

घरी लेक, जावई आणि तीन वर्षांची नात जेवायला आली होती. ती दोन गल्ल्या सोडून राहत, आणि नात रोज संध्याकाळी येऊन काकांच्या मांडीवर ठाण मांडायची. आजही तिथेच होती.

"बाबा, ऐकलंत का?" लेक म्हणाली. "कचेरीतल्या एकाला डोंगरापलीकडे कायमचं धाडणार आहेत. बायकोमुलांसकट."

"आणि म्हणे खुर्च्यांवरून ठरवलंय," जावई म्हणाले. "सात नंबरचं नाव नक्की झालंय, असं शिपाई सांगत होता."

काकांनी घास गिळला आणि मिशीवरून हात फिरवला. "शिपाई काय सांगणार? मी सांगतो. तो निवाडा मीच दिला."

"तुम्ही, मामा?"

"मग! साहेबांनी आत बोलावलं, बसा म्हणाले, बशीतून चहा दिला. आणि जावईबापू, तुम्ही निर्धास्त असा. तुम्हाला मी खांब म्हटलंय. तुमची तीन नंबर ना?"

"नाही मामा. तीन नंबर कॅशियरसाहेबांची. नोंदवहीत माझ्या नावावर सात आहे."

काकांना असा ठसका लागला की नात मांडीवरून उतरून आजीकडे पळाली. काकूंनी पाणी दिलं, पाठीवर चापट्या मारल्या, आणि शेवटची चापट जरा जास्तच जोरात मारली.

"चाळीस वर्षं जगाची बुडं वाचलीत," त्या म्हणाल्या, "आणि घरातलं एक ओळखता आलं नाही?"

"पण खुर्ची तसंच सांगत होती गं!"

"खुर्ची सांगत होती! त्या खुर्चीला तुमच्यापेक्षा जास्त कळत असतं तर तिने तुम्हाला विणलं असतं!"

जावई पाटावर जरा मागे सरकून, ऐसपैस बसून दाखवत होते. लेकीने डोळ्याला पदर लावला. नात म्हणाली, "आजोबा, डोंगरापलीकडे तुमची मांडी येणार का?"

काकांनी ताट बाजूला सारलं.

रात्रभर कूस बदलून त्यांनी एक बेत रचला. सकाळी कचेरी उघडण्याआधीच ते एक छोटा ब्रश आणि पांढऱ्या रंगाची डबी पिशवीत घालून निघाले. सातच्या पायावर तीन रंगवायचा आणि तीनच्या पायावर सात. म्हणजे साहेबांनी खुर्ची पुन्हा बघायला मागवली, तर निवाडा आपोआप उलटेल. चाळीस वर्षांच्या इमानी धंद्यात त्यांनी असलं काम कधी केलं नव्हतं, त्यामुळे ब्रश पिशवीतून बाहेर डोकावतोय हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

कचेरीत सफाईच्या मावशी आधीच आलेल्या होत्या. एका गुडघ्यावर हात ठेवून, दुसऱ्या हाताने खुर्ची ओढत त्या तिला एका टेबलामागून दुसऱ्या टेबलामागे नेत होत्या.

"दादा, एवढ्या सकाळी? आणि पिशवीत काय, घर रंगवायला काढलंय?"

काकांनी पिशवी पाठीमागे लपवली. "मावशी, ही खुर्ची तुम्ही कुठे नेताय? ती त्या टेबलाची आहे ना?"

"कुठल्या टेबलाची? खुर्च्या माझ्या आहेत," मावशी म्हणाल्या. "रोज सकाळी मीच लावते. जो कप टेबलावर तसाच टाकून जातो, त्याला ही लंगडी, टोचणारी. जो कप विसळून ठेवतो, त्याला ती बरी. आणि जो कुणी मला विचारेल, मावशी गुडघा कसा आहे, त्याला ही मधोमध खळगा पडलेली. एकदम पाळण्यासारखी आहे, दादा. दुपारी सगळे जेवायला गेले की मीपण तिच्यातच अंग टाकते."

काका खुर्चीचा पाय बघायला खाली वाकले. मावशींच्या हातातली लंगडी खुर्ची सात नंबरची होती.

"म्हणजे सात नंबरवर रोज एकच माणूस बसत नाही?"

"छे! गेल्या आठवड्यात टायपिस्टबाई होत्या, त्याच्या आधी हेडक्लार्क. जो बसतो तो पुढे सरकून कडेवर बसतो. दोन वेत वर आलेत, तिथे मागे टेकून कोण बसेल? तुमचे जावई म्हणाल, तर तीन दिवस बसले. कप टाकून गेले होते."

"आणि कुणाला कळलं नाही?"

"नंबर पायाच्या आतल्या बाजूला आहेत. तिथे वाकून बघतो कोण? सगळ्यांना वाटतं आज दिवसच वाईट आहे."

काकांनी एकेक खुर्ची डोळ्यांपुढे आणली. उतावळा, झोपाळू, तिरकस, बायकोला घाबरणारा. या सगळ्या खुर्च्यांवर सगळेच बसले होते. जो खांब होता, ज्याला हलवलं तर छत खाली येणार होतं, त्यात निम्म्या तर मावशीच होत्या. काका जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

मावशी ओढणीत तोंड खुपसून हसल्या. मग हसू ओसरलं तसं त्यांनी विचारलं, "पण दादा, तुम्ही एवढं सगळं सांगितलंत तरी कशाला? तुम्हाला काय मिळणार होतं?"

काकांनी खूप विचार केला. पैसे तर कुणी देऊ केले नव्हते. खोटं बोलायची त्यांना हौसही नव्हती.

"बसा म्हणाले म्हणून," ते शेवटी म्हणाले.

"एवढंच?"

"आणि खाली बशी होती."

मावशी आता हसल्या नाहीत. झाडू भिंतीला लावून त्या म्हणाल्या, "जा. साहेब आले की जाऊन सांगा. रंगाची डबी इथेच ठेवा, माझी शिडी रंगवायची राहिलीय."

हे बोलायला सोपं होतं. साहेबांना खरं सांगायचं म्हणजे चाळीस वर्षांची विद्या स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकायची होती, आणि त्या खोलीत 'बसा' हा शब्द पुन्हा ऐकायला मिळणार नव्हता. काका दारापर्यंत तीनदा जाऊन तीनदा परत आले. चौथ्या वेळेला शिपायाने दारच उघडून धरलं. "जा एकदाचे. किती वेळ दार धरून उभा राहू?"

"या काका, बसा!" साहेब म्हणाले.

"नको साहेब," काका म्हणाले. "बसलो की मी काहीबाही बोलतो. उभ्यानेच सांगतो."

आणि त्यांनी उभ्यानेच सांगितलं. मावशी, कप, गुडघा, सगळं. सात नंबर आपल्या जावयांच्या नावावर आहे तेही सांगितलं, आणि पिशवीतला ब्रशही काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी यादी बघितली. पट्टीने मारलेली रेघ बघितली. त्यांचं तोंड हळूहळू उतरत गेलं.

"मग काल तुम्ही मला हे सगळं का सांगितलंत?"

"तुम्ही बसा म्हणालात. आणि दर खेपेला वा म्हणालात. मला वाटलं, आणखी सांगितलं तर आणखी वेळ बसायला मिळेल."

साहेबांनी उठून दार नीट लोटून घेतलं.

"काका, एक सांगू? कुणाला बोलू नका. शिबिरात पहिल्या दिवशी मला एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं आणि चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. उत्तर काय होतं ते आता मला आठवतही नाही. पण तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. तेव्हापासून मी ती फाईल उशाशी घेऊन झोपतो."

"खुर्चीसारखंच की हे," काका म्हणाले.

"अगदी तसंच." साहेबांनी यादीचे चार तुकडे केले. "पण माणूस तर पाठवायचाय. कुणाला पाठवू? तुमचा तर आता भरवसा नाही."

"मावशींना विचारा. खुर्च्या त्याच लावतात."

मावशींना बोलावलं. साहेब म्हणाले, "मावशी, बसा." मावशींनी कुणाकडेही वळून बघितलं नाही. त्या सरळ बसल्या, गुडघा लांब केला आणि म्हणाल्या, "बरं झालं म्हणालात. विचारा काय ते."

"पंपघरावर कुणाला पाठवावं?"

"कॅशियरसाहेबांना."

"का? ते कामात कमी पडतात?"

"कमी कशाला पडतील? पण ते रोज जेवायच्या सुट्टीत जुन्या फाइलींच्या खोलीत जातात, दार लावतात, दाराच्या फटीत टॉवेल कोंबतात आणि क्लॅरिनेट वाजवतात. म्हणजे वाजवायला बघतात. घरी वाजवलं तर शेजारी दगड मारतात. डोंगरापलीकडे कोण मारणार? तिथे पंपच त्यांच्यापेक्षा मोठ्याने ओरडतो."

साहेबांनी कॅशियरना बोलावून घेतलं आणि चाचरत चाचरत पंपघराचं नाव काढलं. जागा फार एकाकी आहे, म्हणाले. आसपास वस्ती नाही, म्हणाले.

"अजिबात नाही?" कॅशियरनी विचारलं.

"चिटपाखरू नाही."

"साहेब, आज निघू की उद्या?"

कागदावर त्यांनीही जनसेवाच लिहिली होती. इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं की तुम्हाला काय हवं आहे, आणि आपण होऊन सांगायला ते धजले नव्हते. काकांच्या यादीप्रमाणे तर त्यांना जन्मात इथून हलवायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी काका लेकीच्या दारात जाऊन उभे राहिले. "जायचं नाही," एवढंच म्हणाले. लेक नातीला कडेवर घेऊन नाचली. जावई काकांना गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले आणि हळूच म्हणाले, "मामा, ती खळग्याची खुर्ची मला कायमची नाही का मिळणार?"

"मिळेल. कप विसळा. आणि मावशींना गुडघ्याचं विचारा. मनापासून विचारा हं, त्यांना कळतं."

घरी आल्यावर काकांनी भिजवलेल्या वेताचा एक भारा खाली ठेवला, अकरा वर्षांच्या भोकातून बादली उचलली आणि विणायला बसले. काकू स्वयंपाक टाकून बघत उभ्या राहिल्या. पुढची कड काकांनी दोनदा घासली, अंगठा फिरवून बघितला, पुन्हा घासली. वेत वाळून टण्ण वाजायला दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची काकूंपुढे ठेवली, घसा साफ केला आणि म्हणाले, "बसा."

"मला अहोजाहो?" काकू म्हणाल्या. पण बसल्या. हात हातांवर ठेवून, मागे टेकून बसल्या आणि बसल्या बसल्या बोलू लागल्या. एकतीस वर्षांपूर्वीच्या लग्नापासून सुरुवात करून त्या दिवे लागेपर्यंत बोलत होत्या. काका समोर जमिनीवर बसून ऐकत होते आणि मध्ये मध्ये 'वा' म्हणत होते.

आठवडा गेला. एका दुपारी काकू बाहेर गेलेल्या असताना काकांना राहवलं नाही. चाळीस वर्षांची खोड, ती काय एका दिवसात जाते? बायको कशी आहे ते एकदा बघून तरी घेऊ, म्हणून ते दबक्या पावलांनी खुर्ची उलटी करायला गेले.

बैठकीला वरून आणि खालूनही काकूंनी जाड गादी शिवून, चारी कोपऱ्यांना आठ आठ गाठी मारून, पक्की बांधून टाकली होती.